मंगळवारी विमान नसतं

आता तिच्यासमोर कुणी ‘फक्त’ म्हटलं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि गंमत बघा, हा शब्द तिचाच. एकतीस वर्षं काउंटरवर बसून तिनं तो येईल त्याला वाटला. फुकट वाटला.

काउंटर म्हणजे विमानाच्या तिकिटांच्या दुकानातला. दुकान तरी केवढं? गिऱ्हाइकांच्या दोन खुर्च्या, एक तिची, आणि मागे मालकांची केबिन. तिच्यात मालक कमी आणि जुन्या वेळापत्रकांची रद्दी जास्त. एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. सगळा रस्ता तिला तिकीटबाई म्हणायचा. तिचं खरं नाव बहुधा पगाराच्या कागदावरच उरलं होतं, आणि तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं.

तिकीटबाईला अंतरं पाठ होती. कुठलीही दोन शहरं सांगा, ही स्क्रीनकडे न बघता सांगणार, एवढे किलोमीटर, एवढे तास, जाताना वारा पाठीशी आहे म्हणून वीस मिनिटं कमी, येताना तोंडावर आहे म्हणून वीस मिनिटं जास्त. पण सगळ्यात पाठ होतं ते एकच अंतर. इथून तिच्या मुलाच्या शहरापर्यंतचं. चार हजार तीनशे दहा किलोमीटर. जाताना पाच तास चाळीस मिनिटं, येताना सहा तास वीस. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सकाळी सातला इथून निघालेलं विमान तिथे दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी उतरतं, आणि रात्री सव्वाबाराला तिथून निघालेलं इथे चार वाजून पाच मिनिटांनी. लोकांचा इथेच घोळ व्हायचा. “जाताना आठ तास आणि येताना चारच? येताना उतार लागतो का हो बाई?” ती हसायची नाही. कागदावर दोन घड्याळं काढून समजावून सांगायची. दिवसातून सहा वेळा सांगायची.

तिच्याकडे येणारी बरीचशी गिऱ्हाइकं म्हणजे म्हातारी माणसं. मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेली, जन्मात पहिल्यांदा विमानात बसणारी, हातातली पिशवी छातीशी धरून. त्यांना ती सांगायची, “फक्त पावणेसहा तास, आजी. एकदा खायला देतील, मध्ये एक डुलकी काढा, की पोचलात. घाबरायचं काय त्यात?” आजीबाईंच्या जिवात जीव यायचा. ‘फक्त’ हे तिचं औषध होतं आणि ते हमखास लागू पडायचं.

दुसरं औषध होतं लाल पेन. रात्री बारानंतरच्या विमानाची एक मेख असते. तिकिटावर चौदा तारीख आणि वेळ सव्वाबारा असली, तर निघायचं असतं तेराच्या रात्री. माणसं चौदाला दिवसभर आरामात सामान बांधतात, रात्री विमानतळावर जातात, आणि विमान आदल्या रात्रीच उडून गेलेलं असतं. तिच्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक नवरदेव असा पूर्ण एक दिवस उशिरा विमानतळावर पोचला होता. स्वतःच्या लग्नाला निघालेला! अंगात कोट, सोबत अकरा नातेवाईक, आणि मामा काउंटरवरच्या मुलीला विचारतोय, “अहो, पण नवरा इथे आहे, विमान गेलंच कसं?” तेव्हापासून बारानंतरच्या प्रत्येक तिकिटावर ती तारखेला लाल गोल करायची आणि खाली लिहायची, ‘आदल्या रात्री निघा!’

ही नवरदेवाची गोष्ट तिनं घरी जेवताना किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. मुलगा लहान होता तेव्हा मामाचं वाक्य आलं की त्याला ठसका लागायचा. तो मोठा झाला तरी मुद्दाम सांगून घ्यायचा, “आई, तो नवरदेव सांग ना.” ती सांगायची. हाच मुलगा पुढे शिकला, नोकरीला लागला आणि चार हजार तीनशे दहा किलोमीटरवर जाऊन बसला. त्याचं पहिलं तिकीट तिनंच काढलं, लाल गोलासकट.

जाताना तो तिच्या गळ्यात पडून म्हणाला होता, “रडतेस काय? फक्त पावणेसहा तास. हाक मारलीस की आलो.”

त्याला आता सहा वर्षं झाली. सहा वर्षांत तो एकदाही आला नाही.

घरी दुसरा माणूस म्हणजे तिचा नवरा. शर्ट शिवणारे मास्तर. उभा जन्म शर्टांतच गेला. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, की हे मशीनवरूनच म्हणायचे, “कॉलर पंधरा, खांदा साडेसतरा.” टेप मागाहून लावायची, ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. राग नावाची चीज त्या माणसाला देवानं दिलीच नव्हती. दोघांच्या वाटणीचा बहुतेक हिच्याच पदरात टाकला होता.

मास्तरांच्या डोळ्यांचं सुरू झालं ते दोन वर्षांपूर्वी. आधी काजाची घरं वाकडी पडायला लागली. मग एका डोळ्यानं सरळ पट्टी वाकडी दिसायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, यंत्रांत बघितलं आणि एक दिवस दोघांना समोर बसवून स्पष्टच सांगितलं, “नजरेचा मधला भाग जातोय. कडेचं राहील. म्हणजे दाराची चौकट दिसेल, पण दारात उभा राहिलेला माणूस दिसणार नाही. एका डोळ्याचं गेलंच आहे. दुसऱ्याचं वर्षभर टिकेल किंवा महिनाभर. आत रक्त साकळलं तर एका रात्रीत जाईल.”

बाहेर आल्यावर मास्तर पायरीवर थांबले. म्हणाले, “एकदा त्याला समोर उभा करून नीट बघून घेतलं असतं.”

एवढंच म्हणाले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. फोनवर मुलाचा चेहरा दिसतो, पण मास्तर म्हणायचे, फोनवर माप येत नाही.

तिनं त्याच दिवशी मुलाला सगळं सांगितलं. दाराची चौकट, दारातला माणूस, एका रात्रीत जाईल, काही म्हणता काही लपवलं नाही. तो म्हणाला, “येतो ना आई. फक्त पावणेसहा तासांचा तर प्रश्न आहे.”

मग सुरू झालं टोलवाटोलवीचं पुराण. पुढच्या महिन्यात येतो, आत्ता ऑफिसात काम आहे. पुढचा महिना आला, तर साहेब बदलला. साहेब रुळला, तर घर बदलायचं निघालं. ती म्हणाली, “तिकीट मी काढते, तू फक्त तारीख सांग.” तो म्हणाला, “तू कशाला त्रास घेतेस, मीच काढतो.” त्रास! एकतीस वर्षं साऱ्या गावाची तिकिटं काढली, तेव्हा त्रास झाला नाही तो आता मुलाच्या तिकिटाचा होणार होता. पण तिनं गिळलं. पोटच्या पोरापुढे माणूस किती गिळतो त्याला सुमार नाही.

आठव्या महिन्यात एकदाचा तो म्हणाला, “काढलं गं बाई तिकीट. चौदा तारखेचं. रात्री सव्वाबाराचं, तुझं लाडकं. पहाटे चारला उतरतो, सातला घरी.”

“आदल्या रात्री निघायचं बरं का.”

“आई! मला सांगतेस?” तो हसला. तीही हसली. तिकिटाचा नंबर पाठव म्हणाली, तो पाठवतो म्हणाला, आणि ते तसंच राहिलं.

मास्तरांनी तेरा तारखेपर्यंत एक शर्ट शिवून पूर्ण केला. फिकट निळा, बारीक रेघांचा. सहा वर्षांपूर्वीचं माप, कॉलर सोळा. खिडकीशी स्टूल ओढून, एक डोळा मिटून, भिंग लावून त्यांनी बटणं लावली. सहा बटणांना चार तास गेले. चौदाच्या सकाळी सहालाच दाढी करून ते दरवाजाकडे तोंड करून बसले. तिनं दुकानातून रजा घेतली होती. मास्तर तिला म्हणाले, “तू जरा दारात उभी राहा बघू.” ती राहिली. ते बघत राहिले आणि म्हणाले, “दिसतंय. मध्ये थोडं धुकं आहे, पण नाकडोळे दिसतायत. कपाळावर कुंकू जरा डावीकडे गेलंय.” तिनं आरशात बघितलं. खरंच गेलं होतं.

सात वाजले. आठ वाजले. विमान वेळेवर उतरल्याचं तिनं विचारून घेतलं होतं. नऊ वाजता तिनं मुलाला फोन लावला, तर तो झोपेतून उठल्यासारखा.

“अरे, आहेस कुठे?”

“कुठे म्हणजे? घरी. आज रात्रीचं ना विमान?”

“चौदाचं ना रे?”

“हो, आज चौदा. आज रात्री... थांब. थांब, तिकीट बघतो.” फोनवर कागदांची खसफस. मग, “अरे देवा! आई! आई, माझा नवरदेव झाला!”

आणि ती हसली. काय करणार? एवढ्या रागात, एवढ्या निराशेतही तिला हसू फुटलं. तिनं फोनवर हात ठेवून मास्तरांना सांगितलं, “ऐकलंत? तुमच्या मुलाचा नवरदेव झाला!” मास्तर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग तेही हसले. तिकीटबाईचा मुलगा आणि त्यालाच ‘आदल्या रात्री निघा’ कळलं नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिनं त्याला चार शब्द सुनावले, तो सॉरी सॉरी म्हणाला, आता लगेच रजा मिळायची नाही, पण पुढच्या महिन्यात नक्की. निळा शर्ट घडी घालून कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. अकराच्या सुमाराला एक वयस्क बाई आल्या. मुलीकडे जायचं होतं, नेमकं त्याच शहरात, आणि परत यायचं होतं मंगळवारी. “रात्रीचं विमान असतं म्हणे. बघा ना बाई, मंगळवारचं मिळतंय का.”

तिकीटबाई स्क्रीनकडे न बघता, सवयीनं बोलून गेली, “रात्रीचं सव्वाबाराचं सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी. मंगळवारी ते विमान नसतं.”

बोलली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली.

काल मंगळवार होता. काल चौदा तारीख होती.

समोरच्या बाई म्हणाल्या, “मग सोमवारचं द्या.” तिनं ऐकलं नाही. स्क्रीनवर चौदा तारीख टाकली. तिथून इथे, सगळी विमानं. सकाळचं एक, दुपारचं एक. रात्री सव्वाबाराचं नव्हतंच. ज्या विमानाचं तिनं काल विचारून घेतलं होतं, ते पहाटे चारला उतरलेलं दुसऱ्याच कुठल्या शहराहून आलं होतं. तिनं फक्त ‘चारचं उतरलं का’ एवढंच विचारलं होतं! विमान कंपनीतल्या ओळखीच्या बाईला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, दोन वर्षं झाली मंगळवारचं बंद होऊन. तूच तर मला सांगितलं होतंस.”

तिकीट काढलंच नव्हतं त्यानं. विमान चुकलंच नव्हतं. ती कागदांची खसफस, तो ‘अरे देवा’, सगळं नाटक. आणि नाटकाला गोष्ट कुणाची उचलली? तिची. जेवताना घास थांबवून जी त्यानं दहादा सांगून घेतली, तीच गोष्ट त्यानं तिच्याच तोंडावर फेकली, आणि ती मूर्ख बाई हसली! दुसऱ्यांची तिकिटं तीन-तीनदा तपासणारी, अन् स्वतःच्या मुलाचं वेळापत्रक तिला बघावंसं वाटलं नाही. बघणार कशी? मुलाच्या बोलण्याचं कुणी वेळापत्रक तपासतं का?

“बाई, बरं वाटत नाही का तुम्हाला?” समोरच्या बाईंनी विचारलं.

“मला काय धाड भरलीय?” ती म्हणाली, आणि लगेच माफी मागून त्यांचं सोमवारचं तिकीट काढून दिलं. तारखेला लाल गोल करताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. दुसरा कागद छापावा लागला.

मुलाला तिनं फोन केला नाही. बोलली असती तर काय काय बोलली असती, त्या भीतीनं केला नाही. मालकांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “दोन माणसं, मी आणि मास्तर. व्हिसाचे कागद आजच पाठवते.” मालक म्हणाले, “तुम्ही? तुम्ही तर आजवर...” “नाही बसले आजवर. आता बसणार.” एकतीस वर्षांत हजारो माणसं तिनं आभाळात पाठवली होती, स्वतः मात्र कधी विमानाची पायरी चढली नव्हती. पासपोर्ट दोघांचे काढून ठेवलेले होते, मुलगा गेला त्याच वर्षी, उत्साहानं. कोऱ्या पानांचे तसेच पडले होते.

मास्तरांना तिनं एवढंच सांगितलं, “त्याला रजा मिळायची नाही. आपणच जाऊन येऊ.” विमानाचं खोटं तिनं पोटात ठेवलं. ज्या माणसानं एका डोळ्यानं सहा बटणं लावली, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुमचा मुलगा निघालाच नव्हता?

व्हिसाला तीन आठवडे लागतात. हे तिला पाठ होतं. हजार लोकांना तिनं ते सांगितलं होतं, “तीन आठवडे फक्त, थांबा जरा.” आता ती रोज सकाळी उठून दिवस मोजायची आणि मनातल्या मनात शिव्या घालायची, व्हिसाला, मुलाला, स्वतःला.

सोळाव्या दिवशी मास्तर सकाळी उठले आणि बराच वेळ पलंगावर बसून राहिले. तिनं चहाचा कप पुढे केला. त्यांनी हात कपाच्या शेजारी नेला.

“अगं,” ते म्हणाले, “तुझा पदर दिसतोय. तू दिसत नाहीस.”

रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, म्हणाले, आणखी बिघडू नये म्हणून. गेलेलं आता परत यायचं नाही. प्रवासाला हरकत नाही. रविवारी मुलाचा नेहमीसारखा फोन आला तेव्हा मास्तरच बोलले, “हो हो, ठीक आहे सगळं. कशाला काळजी करतोस?” ती ओट्यापाशी उभी राहून भांडी घासत होती. एवढ्या जोरात घासत होती की मास्तरांना दोनदा ‘काय म्हणालास?’ विचारावं लागलं.

व्हिसा हातात आला आणि त्या शनिवारी दोघं निघाली. सकाळी सातचं विमान. म्हणजे घरातून पहाटे तीनला. विमानतळावर रांग, मग दुसरी रांग, मग बूट काढा, पट्टा काढा, मास्तरांना सुरक्षा दारातून एकट्यानं पलीकडे जायचं, आणि त्यांना समोरचा शिपाई दिसेना. ती ओरडली, “अहो, डावीकडे!” तर शिपाई तिच्यावरच खेकसला. तिथं बाकावर बसल्यावर तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की तिनं हजारो म्हाताऱ्यांना थापाच मारल्या. पावणेसहा तास म्हणे! पावणेसहा तास विमानाचे. माणसाचे बारा. कुठल्या आजीनं परत येऊन तिला जाब कसा विचारला नाही?

विमान वर गेलं तेव्हा तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. मास्तर मात्र निवांत. समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा होता आणि अंतराचा आकडा उतरत चालला होता. मास्तर थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, “किती राहिलं?”

“तीन हजार सहाशे.”

“आता?”

“एकवीसशे. अहो, लहान मुलासारखं काय लावलंय?”

मास्तर हसले. थोड्या वेळानं खिडकीकडे तोंड करून सहज म्हणाले, “मंगळवारी ते विमान नसतंच ना?”

तिनं हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“दोन वर्षं जेवताना ऐकतोय. सोमवार, गुरुवार, शनिवार.”

“त्याच दिवशी कळलं होतं?”

“त्यानं नवरदेव म्हटलं तेव्हाच.”

“मग हसलात कशाला?”

“तू हसत होतीस,” मास्तर म्हणाले. “म्हटलं, हसू दे.”

अस्सा संताप आला तिला! मुलाचा आला, त्याहून जास्त ह्या माणसाचा आला. जळो मेला हा चांगुलपणा! एकदा, एकदा तरी ओरडला असतात त्याच्यावर तर काय बिघडलं असतं? तिनं तोंड फिरवलं आणि आकडा सांगायचं बंद केलं. मास्तरांनीही मग विचारलं नाही. पण तेराशेपासून पुढे तीच न विचारता सांगायला लागली, रागारागात, जोरजोरात, पुढच्या खुर्चीवरचा माणूस वळून बघेपर्यंत.

मुलाची इमारत त्याच्या पत्त्यावरून तिला तोंडपाठ होती. चौथा मजला, जिन्याजवळचं दार. तिथल्या घड्याळात साडेपाच वाजले होते आणि ऊन खिडक्यांतून जिन्यात येत होतं. तिनं घंटी दाबली आणि दाबूनच धरली.

दार उघडलं. घरातले मळके कपडे, हातात मोबाईल, सहा वर्षांनी जाड झालेला तिचा मुलगा. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक रंग उतरत गेला.

“आई? बाबा? अरे... सांगायचं तरी. मी विमानतळावर घ्यायला आलो असतो.”

“नको,” ती म्हणाली. “तारखेचा घोळ झाला असता.”

तो दारातून बाजूला झाला. तिनं मास्तरांना आत नेलं, खुर्चीत बसवलं, आणि मग वळली. बारा तास तिनं वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“खोटं बोलायचं तर निदान वेळापत्रक बघून बोलायचं रे! तिकीटबाईचा मुलगा ना तू? मंगळवारी विमान नसतं, एवढंही बघितलं नाहीस? का म्हातारी हसेल नि विसरेल, एवढं स्वस्त वाटलं तुला?”

“आई, ऐक...”

“माझी गोष्ट होती ती! माझी! तुला भरवताना सांगितलेली!”

तो भिंतीला टेकून उभा राहिला. “मी तिकीट काढायला बसायचो, आई. खरंच सांगतो. सगळं भरायचो, शेवटचं बटण दाबायचं राहायचं. वाटायचं, बाबा मला बघायला थांबलेत. मी गेलो, त्यांनी बघितलं, की मग... मग झालंच. मी जात नाही तोवर टिकेल, असं वाटायचं.”

खरं असेलही. खोटं असेलही. तिला आता फरक पडत नव्हता. “म्हणजे तुझी हिंमत होईपर्यंत त्यांच्या डोळ्यांनी कळ काढायची होती? कुणाचं दुखणं आणि कोण लाड करून घेतंय!”

मास्तर खुर्चीत ताठ बसले होते आणि मुलापासून बरंच बाजूला, फ्रिजच्या दिशेनं, एकटक बघत होते. मुलानं ते बघितलं.

“बाबा तर माझ्याकडे बघतही नाहीत.”

“बघतायत,” ती म्हणाली. “तुलाच बघतायत. मधलं गेलंय त्यांचं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तू दिसत नाहीस. तुला बघायचं तर त्यांना आता फ्रिजकडे बघावं लागतं.”

मास्तर म्हणाले, “जरा खिडकीशी उभा राहा बघू. उजेडात.”

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मास्तरांनी मान थोडी आणखी वळवली. गिऱ्हाईक दारात आल्यावर बघायचे, तितकाच वेळ बघितलं.

“कॉलर सोळाची साडेसोळा झाली,” ते म्हणाले. “खांदाही वाढलाय. म्हणजे बरं चाललंय तुझं. शर्ट आणलाय, पण गळ्याला घट्ट होईल.”

“चेहरा दिसतो का, बाबा?”

“कडा दिसतात. कान दिसतो डावा. केस.” मास्तरांच्या आवाजात राग नव्हता. कापड कमी पडलं तर गिऱ्हाइकाला सांगायचे, तसंच त्यांनी सांगितलं. “चौदाला आला असतास तर नाकडोळेही दिसले असते. त्या दिवशी दिसत होतं. हिचं कुंकू डावीकडे गेलेलं, तेसुद्धा दिसलं होतं मला.”

मुलाची मान खाली गेली. खांदे हलायला लागले.

तिला वाटलं होतं, ह्या क्षणाला आपला राग निवेल. निवला नाही. ती दोन पावलं पुढे गेली आणि त्याच्या हनुवटीखाली बोट घालून तिनं त्याचं तोंड वर केलं, शाळेत पाठवताना करायची तसं.

“मान खाली घालू नकोस,” ती म्हणाली. “खाली घातलीस तर त्यांना तेवढंही दिसणार नाही.”